दोराची मंजुरी

संस्थेचं नाव सांगत नाही, विचारूही नका. अकोला, मूर्तिजापूर, दर्यापूर, अमरावती असा तो टापू, आणि त्यातल्या सात लहान लहान ख्रिस्ती मंडळ्या. रविवारी उपासनेला कुठं चाळीस माणसं, कुठं सत्तर. या सात मंडळ्यांनी मिळून एका वर्षी ठरवलं की आता आपणही कोणाला तरी परदेशी पाठवायचं. सव्वाशे वर्षं लोक समुद्र ओलांडून वऱ्हाडात आले. छप्पन्याच्या दुष्काळात, म्हणजे 1899-1900 मध्ये, अकोला-खामगावकडच्या मिशनांनी रस्त्यावरची लेकरं उचलली. अकोल्यात काम केलेल्या जेनी फुलर यांनी इथल्या बायकांच्या हालांवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, ते 1900 मध्ये छापून आलं. परतवाड्याजवळ कोठाऱ्याला कुष्ठरोग्यांची सेवा उभी राहिली. हे सगळं आमच्या घराघरांत सांगितलं जातं, कारण आमच्यातल्या निम्म्या घरांचे आजे-पणजे तिथूनच निघालेले. घेणं खूप झालं, आता थोडं देणं व्हावं, एवढाच विचार.

जायला माणसं तयार होती. मूर्तिजापूरकडची एक नर्स आणि तिचा नवरा. ती बाळंतपणाच्या कामात तरबेज, तो बोअरचे पंप दुरुस्त करणारा. देश ठरला मलावी, तिथल्या शिरे नदीचं खालचं खोरं. तिथंही कापूस पिकतो, ऊन रणरणतं आणि बऱ्याच गावांत जमिनीखालचं पाणी खारं लागतं, हे कळल्यावर आमच्या दर्यापूरकरांना तो देश एकदम शेजारचा वाटायला लागला. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाण पट्ट्यात जन्म काढलेल्या माणसाला खाऱ्या पाण्याचं दुःख समजावून सांगावं लागत नाही.

राहिली नियमावली. ती लिहायची म्हटल्यावर सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या लेखा विभागात काढली, त्यामुळं कागद दिसला की लोक मला शोधतात.

महाराष्ट्रात संस्था काढायची तर 1860 च्या सोसायटी कायद्याखाली निदान सात माणसं आणि उद्देशपत्रिका लागते, आणि 1950 च्या सार्वजनिक न्यास कायद्याखाली धर्मादाय कार्यालयात नोंद. तेवढा मसुदा वकिलाकडं तयारच असतो, नाव-गाव भरलं की झालं. पण समुद्रापलीकडं पाठवलेल्या माणसाचं काय? त्याला पगार कोण देणार, रजा किती, तिथं जागा घेतली तर कोणाच्या नावावर, त्याचं आणि तिथल्या लोकांचं पटलं नाही तर न्याय कोण करणार? वकिलाकडं याचा नमुना नव्हता.

अध्यक्षांकडं होता. अध्यक्ष म्हणजे पाटबंधारे खात्यातले निवृत्त अभियंते. त्यांनी वडिलांच्या ट्रंकेतून एक पातळसं इंग्रजी पुस्तक काढून आणलं, कुठल्या तरी जुन्या मिशनची नियमावली. वाळवीनं मुखपृष्ठ आणि पहिली चार पानं खाल्लेली, त्यामुळं मिशन कोणतं ते कायमचं झाकलं गेलेलं. आतली कलमं मात्र शाबूत आणि फार नेटकी. अध्यक्ष म्हणाले, "शंभर वर्षं चाललेलं आहे हे. आपण नवं काय लिहिणार? हेच मराठीत करा."

मी चार रात्री बसून केलं. खरं सांगतो, मला त्या कामाचा अभिमान वाटला. शेवटी एक युक्ती केली. पुस्तकात पानोपानी 'होम बोर्ड' होतं, तिथं संगणकाला सांगून एका दमात 'अकोला मंडळ' करून टाकलं. एकसष्ट जागी बदल झाला. 'नेटिव्ह' होतं तिथं 'स्थानिक'. रुपयांचे आकडे आजच्या हिशेबानं वाढवले. छापून, टाचण्या मारून, चौदा प्रती तयार.

बैठक मूर्तिजापूरला, एप्रिलातल्या शनिवारी. सगळ्यांना गाडीनं यायला ते गाव बरं पडतं. पूर्वी अचलपूर आणि यवतमाळकडून येणाऱ्यांना शकुंतलाही होती. ती छोटी रेल्वे धावायची आमच्या वावरांतून, प्रवासी आमचे, कापूस आमचा, आणि मालकी विलायतेतल्या कंपनीची. आता तीही बंद आहे. चर्चच्या मागच्या खोलीत कूलर घरघरत होता आणि खजिनदाराच्या घरून कैरीचं पन्हं आलं होतं.

पगाराच्या कलमावर पहिला तास गेला. अमरावतीचे गुरुजी होते, मिशनांचा इतिहास ज्यांना तोंडपाठ आहे. त्यांनी हडसन टेलरचं उदाहरण काढलं. 1865 मध्ये चायना इनलँड मिशन काढताना त्यानं ठरवलं की ठरावीक पगाराची हमी द्यायची नाही, लोकांपुढं हात पसरायचा नाही, देव देईल त्यात भागवायचं. आमचे खजिनदार किराणा दुकानदार. ते म्हणाले, "गुरुजी, देव देतोच. पण एक तारखेले देते का?" दरमहा ठरावीक रक्कम पाठवायची, असं ठरलं.

मग अध्यक्षांनी एक कलम वाचलं : एप्रिल ते जून या महिन्यांत मिशनऱ्याने प्रकृतीच्या रक्षणासाठी डोंगरावरील थंड हवेच्या ठिकाणी राहावे. गुरुजींनी चष्मा वर केला. "अहो, मलावी विषुववृत्ताच्या खाली आहे. तिकडे मे-जूनमध्ये थंडी असते." सगळे खो खो हसले. मीही हसलो, कान जरा गरम झाले एवढंच. मूळ पुस्तकातल्या साहेबांसाठी ते कलम चिखलदऱ्याच्या हिशेबानं लिहिलेलं होतं. कलम खोडलं. त्याच पानावर, तीन ओळी वर, आणखी एक कलम होतं : दर वर्षी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात अकोला मंडळाचा प्रतिनिधी कामाच्या पाहणीसाठी जाईल. त्यावर कोणी काही बोललं नाही. डिसेंबर म्हणजे गुलाबी थंडी, प्रवासाला बरी. ते तसंच मंजूर झालं.

नंतर पुढची तीन कलमं अध्यक्षांनी एका दमात वाचली. सर्व स्थावर मालमत्ता अकोला मंडळाच्या नावे राहील. पाच हजार रुपयांवरील कोणत्याही खर्चास अकोला मंडळाची पूर्वमंजुरी लागेल, मंडळाची बैठक तीन महिन्यांतून एकदा होईल. स्थानिक कामगारांनी कार्यकारी बैठकीत बसू नये, त्यांचे म्हणणे मिशनऱ्यामार्फत कळवावे.

"हे मी ऐकेल हाय," खिडकीपाशी बसलेल्या मावशी म्हणाल्या.

मावशी दर्यापूरच्या. वय अठ्ठ्याऐंशीच्या पुढं. कमिटीत त्यांचं नाव एवढ्यासाठी की त्या नसल्या तर निम्म्या बायका वर्गणी देणार नाहीत. बैठकीत त्या सहसा बोलत नाहीत, सुपारी कातरत बसतात.

"काय ऐकलं, मावशी?"

"हे पूर्वमंजुरीचं." त्यांनी अडकित्ता मिटला. "माह्या बापाले छप्पन्याच्या दुष्काळात मिशननं उचललं. खाऊ घातलं, वाचाले शिकवलं, मंग दवाखान्याच्या कंपाउंडात चौकीदार ठेवलं. त्यायचे उपकार मी मरेपर्यंत इसरत नाई. पण एक सांगतो. आमच्या कंपाउंडात गोड पान्याची विहीर होती. आजूबाजूले सारं खारं. अर्धं गाव तिथं पान्याले ये. मी असन सात-आठ वर्साची. चैताचा महिना, अन् दोर तुटला. जुनाच होता, कुजेल. बादली गेली खाली."

खोलीत कूलरचाच आवाज.

"दोर अन् बादली मिळून सव्वातीन रुपये. बापाच्या हातात मिशनची पेटी होती, तिच्यात अठरा रुपये होते. पण दोन रुपयाच्या वर खर्च कराचा तं मंजुरी पायजे. साहेब चिखलदऱ्याले. बापानं कागद लिवला. साहेबानं पुढं धाडला. कमिटी बसाची होती पावसाळ्यात. बापानं पेटीले हात नाई लावला, नियमाचा मानूस."

"मग पाण्याचं काय केलं?"

"माह्या मायनं लुगडं पिळलं, अन् तुटेल दोराले गाठलं. नऊवारी, चांगलं जाड. घरची कळशी बांधली. दोन महिने अर्ध्या गावानं माह्या मायच्या लुगड्यानं पानी काढलं." त्या थांबल्या. "मायजवळ दोन लुगडी होती. त्या उन्हाळ्यात एकच राह्यलं. रातीले धुवे, सकाळी ओलंच नेसे."

मलावीला जाणारी नर्स भिंतीला टेकून उभी होती. तिनं हळूच ओढणी सारखी केली.

"मंजुरी आली तवा श्रावण लागला होता. नवा दोर आला, नवी बादली आली, बंडीत घालून. अन् विहीर तोंडोतोंड भरेल. आम्ही पोट्टे काठावर गुडघे टेकून गडव्यानं पानी घेऊन राह्यलो होतो." मावशी हसल्या, दात नसलेलं, मनापासूनचं हसू. "साहेब वाईट नोता बरं. लय चांगला मानूस. त्याले समजलं, तं त्यानं सोताच्या पैशानं मायले नवं लुगडं घेऊन देल्लं. लुगड्याले मंजुरी लागत नोती."

मग त्यांनी अध्यक्षांच्या हातातल्या कागदाकडं बोट केलं. "हे अकोला मंडळ म्हंजे कोन? आपनच ना? म्हंजे आता विलायत आपन झालो."

अध्यक्षांना लागलं. माणूस सरळ आहे, पाटबंधारे खात्यात राहूनही सरळ राहिला म्हणजे केवढा सरळ असेल बघा. ते म्हणाले, "मावशी, भावना ठीक आहे. पण पैसा लोकांचा आहे. ज्वारी विकून, मजुरी करून दिलेला. ट्रस्टचं उत्पन्न देशाबाहेर खर्च केलं तर आयकराची सूट मिळत नाही, त्यासाठी दिल्लीत प्रत्यक्ष कर मंडळाची परवानगी लागते. इतकं सगळं असताना तिथल्या माणसाच्या हातात मोकळी पेटी द्यायची? हिशेब नको?"

"हिशेब पायजेच. काहून नको?" मावशी म्हणाल्या. "आधी दोर घ्या. मंग पावती धाडा. बापाले लिवता-वाचता येत होतं, त्यानं पावती धाडली असती."

यात काही चुकीचं सापडेना. लेखा विभागात मी चौतीस वर्षं पूर्वमंजुरीच्या फायली फिरवल्या. खर्चानंतरच्या कडक तपासणीनं जितके चोर पकडले गेलेले मी पाहिले, तितके पूर्वमंजुरीनं पकडलेले आठवत नाहीत. पूर्वमंजुरीनं बहुतेक वेळा पकडला जातो तो नियमाचा माणूस. चोराला मंजुरी कशी मिळवायची ते ठाऊक असतं. पण हे मी त्या दिवशी बोललो नाही, कारण कलम माझ्याच हातचं होतं.

गुरुजी मात्र खुलले. म्हणाले, हडसन टेलरचा पगाराचा नियम आपण सोडला तो सोडला, पण त्याचा दुसरा नियम बघा. मिशनचा कारभार लंडनहून नाही, चीनमध्ये बसून चालवायचा. निर्णय तिथं, जिथं काम आहे. त्यावरून त्यांची भट्टी जमली. लंडनच्या चर्च मिशनरी सोसायटीचे सचिव हेन्री व्हेन आणि बॉस्टनच्या अमेरिकन बोर्डाचे रूफस अँडरसन, दोघांनी एकाच काळात एकच मांडलं होतं की नव्या मंडळीनं स्वतःच्या पैशानं उभं राहावं, स्वतःचा कारभार स्वतः करावा आणि प्रसारही स्वतःच करावा. "आणि गंमत अशी," गुरुजी म्हणाले, "की हेच अँडरसन 1854-55 मध्ये आपल्या मराठी मुलखात पाहणीला आले आणि मिशनच्या शाळांत इंग्रजी नको, मातृभाषाच हवी, असं ठरवून गेले. इथल्या पालकांना इंग्रजी हवं होतं, मिशनऱ्यांतल्याही काहींना हवं होतं. पण स्वयंशासनाचा पुरस्कर्ता बॉस्टनहून येऊन ठरवून गेला." पुढं 1905 च्या नाताळात सेरामपूरला नॅशनल मिशनरी सोसायटी निघाली ती भारतीय माणसं, भारतीय पैसा, भारतीय कारभार असं म्हणत. रेव्हरंड टिळकांनी 1917 मध्ये अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' मांडला.

गुरुजी आणखी अर्धा तास बोलले असते. खजिनदारानं पन्ह्याचा दुसरा पेला त्यांच्या हातात दिला.

तेवढ्यात नर्सचा नवरा पहिल्यांदा बोलला. "साहेब, ते तिसरं कलम. स्थानिक माणसानं बैठकीत बसायचं नाही. पंपाचा पाइप उतरवायला मला तिथलीच चार माणसं लागतील. कुठल्या बोअरचं पाणी खारं, कुठल्याचं गोड, ते त्यांनाच माहीत. मग ते बाहेर आणि मी आत बसून बोलू कशावर?"

त्या एका दुपारी बरंच खोडलं गेलं. जमीन घेतलीच तर ती तिथल्या मंडळीच्या नावावर. खर्च आधी, पावती महिन्याच्या आत, आणि पावती नसेल तर पुढचा हप्ता नाही. हे शेवटचं खजिनदारानं घातलं आणि मावशींनी मान डोलावली. कार्यकारी बैठकीत निम्मी माणसं तिथली. पूर्वमंजुरीचं कलम आणि बाहेर बसवण्याचं कलम मी स्वतः संगणकावरून काढलं. मूळ पुस्तकातले 'अकोला मंडळ' झालेले एकसष्ट शब्द एकेक करून वाचावे लागले, कारण आता प्रत्येक ठिकाणी प्रश्न होता की इथं खरंच आपण हवे आहोत का. सतरा जागी आम्ही उरलो.

शेवटचं कलम मावशींच्या सांगण्यावरून आलं आणि शब्द माझे : येथपर्यंतचे नियम पाठवणाऱ्यांनी लिहिले आहेत. या कलमाखाली, जेथे काम होईल तेथील मंडळीने एक नियम लिहावा. तो अकोला मंडळावर बंधनकारक राहील.

धर्मादाय कार्यालयातला कारकून ते वाचून माझ्याकडं बघत राहिला. "काका, कोरं कलम कसं नोंदवू? खाली काहीच नाही."

"येणार आहे."

"कोणाकडून?"

"मलावीहून."

त्यानं पेन टेबलावर ठेवलं. बराच वेळ समजावल्यावर तो म्हणाला, घटनेत नको, पोटनियमात टाका, तिथं मला त्रास नाही. भला माणूस होता. तसं केलं.

नवरा-बायको जूनमध्ये गेले. पावत्या वेळेवर येत होत्या, काही इंग्रजीत, काही चिचेवा भाषेत आणि खाली नर्सनं मराठीत अर्थ लिहिलेला. एका पावतीवर नुसतं 'दोर' असं होतं. पंप ओढून काढायचा नायलॉनचा दोर, पण मावशींना ती पावती दोनदा वाचून दाखवावी लागली.

डिसेंबरची पाहणी अध्यक्षांनी स्वतःकडं घेतली होती. मुंबईहून आदिस अबाबामार्गे ब्लँटायरचं तिकीट काढून झालं, नवा सफारी शिवून झाला. पाहणीचा तक्ताही तयार होता, पाटबंधारे खात्यातली सवय. आणि नोव्हेंबरच्या मध्यावर तिथल्या मंडळीचं पत्र आलं. कोऱ्या कलमाखाली त्यांनी काय लिहायचं ते तीन रविवार बसून ठरवलं होतं. फोनवर आलेला तो कागदाचा फोटो मी मोठा करून वाचला, मग मराठीत उतरवला.

आमच्याकडे नोव्हेंबर-डिसेंबरात पहिला पाऊस पडतो आणि पेरणी असते. पाहुणा आला की घरातला एक माणूस वावरातून थांबवावा लागतो आणि कोंबडी कापावी लागते. तरी अकोल्याच्या लोकांनी पेरणीच्या दिवसांत पाहणीला येऊ नये. कापूस घरात आल्यावर आम्ही बोलावू, तेव्हा यावे.

मी ते बैठकीत वाचून दाखवलं. एप्रिलमध्ये तिथली थंडी कळली म्हणून आम्ही किती हसलो होतो, आणि तीन ओळी वरचा डिसेंबर कोणाला दिसला नव्हता. अध्यक्ष गप्प बसले. मूर्तिजापूरच्या बाजूला त्यांचं बारा एकर वावर आहे. थोड्या वेळानं स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "मिरगात माझ्या बांधावर कोणी तक्ता घेऊन उभा राहिला असता, तर मी काय म्हटलं असतं?"

काय म्हटलं असतं ते सगळ्यांना माहीत होतं. मागच्या बाकावर कोणीतरी खोकलं.

तिकीट रद्द झालं. रद्द करताना कापले गेले ते पैसे अध्यक्षांनी खिशातून काढून टेबलावर ठेवले. मोजून साडेनऊ हजार. खजिनदारानं वही उघडली, पेनाचं टोपण काढलं आणि अडला. "साहेब, हे कोणत्या खात्यावर लिवू?"

मावशींचा अडकित्ता थांबला नाही. "लुगड्याच्या खात्यावर लिव," त्या म्हणाल्या.